बँडसॉवर फळी उभी चिरायचीय? आधी एक पिव्हट फेन्स बनवा

जुन्या वाड्यातलं सागवान हाती आलं की पहिला विचार हाच येतो की एवढं चांगलं लाकूड रंध्याखाली घालून भुसा करण्यापेक्षा मधोमध चिरून दोन फळ्या काढाव्यात. बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत, त्यासाठीच चांगला, कारण पात्याचा काप जेमतेम १ मिमीचा पडतो, सर्क्युलर सॉवर तोच ३ मिमीपर्यंत जातो. पण मी पहिल्यांदा मशीनबरोबर आलेला लांब सरळ फेन्स, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून ढकलायचं ती पट्टी, लावून चिरायला गेलो आणि फळी सुरुवातीला १५ मिमी निघाली ती शेवटी ८ वर आली. सगळं लाकूड वाया गेलं, फार वाईट वाटलं होतं.

तर असं का होतं ते आधी समजून घ्या, मग फेन्स बनवणं सोपंय. पातं नेहमी टेबलाच्या कडेला समांतर, सरळ रेषेत कापतंच असं नाही. एका बाजूचे दाते थोडे जास्त फाकलेले किंवा जास्त बोथट झाले असले, किंवा चाकावर पातं थोडं पुढंमागं बसलं असलं की ते आपल्या कलाने तिरकं चालतं. याला ड्रिफ्ट म्हणतात. सरळ फेन्स लाकडाला एकाच दिशेला जखडतो, पात्याला दुसरीकडं जायचं असतं, मग दोघांच्या ओढाताणीत पातं वाकतं. पिव्हट फेन्स लाकडाला फक्त एका बिंदूवर टेकू देतो, मागचं शेपूट तुमच्या हातात मोकळं राहतं, त्यामुळे पात्याचा कल बघून तुम्ही लाकूड वळवत नेऊ शकता.

बनवायला अर्धा तास लागतो. १८ मिमी प्लायचा ६ बाय ८ इंचाचा तुकडा खाली बेस म्हणून आणि त्यावर साधारण साडेचार इंच उंच एक उभा तुकडा, मागून त्रिकोणी आधार देऊन स्क्रूने घट्ट. उभ्या तुकड्याची लाकडाकडची कड रंध्याने आणि पॉलिश पेपरने बोटासारखी गोल करा, हेच नाक. नाक वरपासून खालपर्यंत टेबलाला अगदी काटकोनात हवं, गुण्या लावून बघा, त्यात कसूर नको, कारण नाक तिरकं असेल तर फळी वर जाड खाली पातळ निघेल आणि तुम्ही कितीही नीट चालवलं तरी ते सुधारणार नाही. नाकावर मेणबत्ती घासली की लाकूड छान सरकतं.

पातं म्हणजे निम्मं काम. साध्या १४ इंची (चाकाचा व्यास) मशीनला अर्धा इंच रुंद, ३ टीपीआयचं (इंचाला ३ दाते), हुक दात्याचं (पुढं झुकलेले दाते) पातं लावा. दाते कमी म्हणजे मधली खाच मोठी, आणि एवढ्या खोल कापात निघणारा भुसा त्या खाचेत मावला तरच पातं सरळ राहतं. बारीक दात्याच्या पात्यात भुसा कोंबला जातो, पातं तापतं आणि मधे फुगतं, मग फळी पोटात फुगीर निघते. ताण नीट द्या, वरचा गाइड (पात्याला जागेवर धरणारा भाग) लाकडापेक्षा २ सूत (पाव इंच) वर ठेवा, जास्त नको, बाजूचे बेअरिंग पात्यापासून कागदाच्या जाडीएवढे लांब. हे सगळं मशीनचा प्लग काढूनच करायचं. शेवटी टेबल पात्याला काटकोनात आहे का तेही गुण्याने बघा.

आता लाकूड. एक चेहरा रंधून सपाट करा आणि एक कड त्याला काटकोनात. सपाट चेहरा नाकाला लागणार, कड टेबलावर बसणार. वरच्या कडेवर मार्किंग गेजने (कडेला समांतर रेषा ओढायचं हत्यार) मधोमध रेषा मारा आणि पेन्सिलीने गडद करा, सागवानावर नुसती गेजची रेषा भुशात दिसत नाही. वाड्याचं लाकूड असेल तर लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, लाकडात मोडून राहिलेला एक जुना खिळा सुद्धा पात्याचे दाते घालवतो.

फेन्स कुठे बसवायचा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. नाकाचा पुढं आलेला बिंदू दात्यांच्या टोकांच्या रेषेत, किंवा तुमच्याकडे २-३ मिमी आधी. दात्यांच्या पलीकडे अजिबात जाऊ देऊ नका, तिथं नाक गेलं की कापलेला भाग दाबला जातो, काप मिटतो आणि पातं चिमटीत सापडतं. नाक ते पातं हे अंतर म्हणजे तुमच्या फळीची जाडी, ते दात्यांच्या टोकापासून मोजा आणि रंध्यासाठी २-३ मिमी जास्त धरा. म्हणजे ३२ मिमीच्या फळीतून दोन १५ मिमीच्या निघतात आणि रंधून १२ चं पॅनेल मिळतं. सी-क्लॅम्पने घट्ट आवळा, एक नाही दोन.

आधी रद्दी तुकड्यावर करून बघा. मग मशीन पूर्ण वेगात आल्यावर लाकूड हळू सरकवा आणि नजर रेषेवर, नाकावर नको. रेषा पात्याच्या डावीकडे सरकायला लागली की लाकडाचं शेपूट उजवीकडे न्या, उजवीकडे सरकली तर डावीकडे, एवढंच. म्हणजे रेषेचा पुढचा भाग दात्यासमोर आणायचा. पण हालचाल अगदी थोडी आणि आधीच करा, चूक ३ मिमी झाल्यावर झटका दिला तर कापात पायरी पडते. एका हाताने ढकला आणि वळवा, दुसऱ्या हाताने काठीने लाकूड नाकाला लावून ठेवा, दाब दात्यांच्या आधी, नंतर नाही. पातं जिथून बाहेर येणार तिथं बोट कधीच नको, शेवटचे ५-६ इंच पुशस्टिकने (ढकलायच्या काठीने). मधेच थांबायचं झालं तर मशीन बंद करून पातं थांबू द्या, चालू असताना लाकूड मागं ओढलं तर पातं चाकावरून निघू शकतं. आणि चष्मा, मास्क लावाच, सागवानाचा भुसा बऱ्याच जणांच्या कातडीला आणि श्वासाला त्रास देतो.

आवाज ऐकत राहा, मोटर दमायला लागली तर ढकलणं कमी करा. गाठ आली की अजून हळू, तिथं पातं सगळ्यात जास्त भटकतं. पातं एकाच बाजूला ओढत राहिलं तर रेषा धरून वळवत नेता येतं, पण ओढ रोजच्यापेक्षा वाढली तर पातं बदला.

दुसरी फळी त्याच लाकडातून काढायची असेल तर उरलेल्या तुकड्याचा करवतीचा चेहरा आधी रंधून घ्या, खडबडीत चेहरा नाकाला लावला तर त्याची चूक पुढच्या फळीत उतरते. ढीगभर एकसारख्या पातळ पट्ट्या काढायच्या असतील तर ड्रिफ्टचा कोन मोजून लावलेला सरळ फेन्सच बरा, पिव्हट फेन्सला प्रत्येक वेळी तुमचं लक्ष पाहिजे. पण एखाद दुसरी चांगली फळी चिरायची असेल आणि पातं जुनं असेल तर मी हाच लावतो.

चिरल्यावर लगेच कामाला लावू नका. आतला ताण सुटला की फळ्या वाकतात, पावसाळ्यात तर जास्तच. मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचून ठेवा, वर वजन, आठवडाभर तरी. मगच शेवटचा रंधा मारा.