पावसाळ्यासाठी हवामानाचं अ‍ॅप निवडताना

अ‍ॅप दिसायला कसं आहे ते नंतर पाहा, आधी त्यातले आकडे कुठून येतात ते शोधा. बहुतेक अ‍ॅप्स स्वतः अंदाज काढत नाहीत, दुसऱ्याच्या मॉडेलचे, म्हणजे संगणकावर हवामानाचा हिशोब करणाऱ्या प्रणालीचे, आकडे दाखवतात. सेटिंग्जमध्ये किंवा माहितीच्या पानावर स्रोताचं नाव कुठेच नसेल तर ते अ‍ॅप काढून टाका.

युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ मॉडेल साधारण 9 किलोमीटरच्या चौकटीत हिशोब करतं, अमेरिकेचं जीएफएस 13 च्या. घाटात गफलत होते ती इथेच. एकाच चौकटीत डोंगरमाथाही येतो आणि पायथाही, आणि उंची धरली जाते सरासरी. म्हणून ताम्हिणीत कोसळणारा पाऊस अ‍ॅपवर बऱ्याचदा बेताचा दिसतो. ‘विंडी’वर दोन्ही मॉडेलं आलटून पालटून बघता येतात, त्यांचं एकमेकांशी पटत नसेल तर त्या दिवसाचा बेत पक्का करू नका.

पुढच्या दोन-तीन तासांसाठी मात्र आत्ता पाऊस कुठे आहे ते दाखवणारं रडारच बघावं, आणि हवामान खात्याच्या ‘मौसम’वरचा तात्कालिक इशारा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ वेगळं ठेवा. त्याला लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी द्या आणि बॅटरी सेव्हरमधून वगळा, नाहीतर फोन त्याला झोपवतो आणि इशारा वीज पडून गेल्यावर येतो. शेती असेल तर ‘मेघदूत’. त्यातला कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

आता परीक्षा. दोन अ‍ॅप्स घ्या, पंधरा दिवस रोज संध्याकाळी उद्याच्या अंदाजाचा स्क्रीनशॉट काढा. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा गच्चीच्या मधोमध ठेवा (कठड्याच्या आडोशाला पाऊस कमी पडतो) आणि सकाळी साडेआठला आतलं पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून डबा रिकामा करा. खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो, अ‍ॅपचा बहुधा मध्यरात्र ते मध्यरात्र. त्यामुळे पहाटेची सर एकाकडे आजची, दुसऱ्याकडे कालची ठरते आणि चांगलं अ‍ॅप उगाच खोटं पडतं. तासातासाचे आकडे देणारं अ‍ॅप असेल तर साडेआठपासूनची बेरीज करून पडताळा.

शब्दांवर जाऊ नका, मिलिमीटर बघा. खात्याच्या भाषेत मुसळधार म्हणजे 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर, अ‍ॅपवाले तासाभराच्या सरीलाही तोच शब्द लावतात. आणि 20 टक्के शक्यता सांगितलेल्या पाच दिवसांपैकी एक दिवस भिजलात, तर ते अ‍ॅप चुकलं नाही.