गावातला पैसा जातो कुठे? आधी घराची वही लिहा

गावात काहीतरी उद्योग आला पाहिजे, असं आमच्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणायचंच. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. बचत गटांची कीर्द, पासबुकं, ठराव लिहिण्याचं काम 14 वर्षं करते आहे. आम्हीही सुरुवात उद्योगानेच केली होती. गटाने कर्ज काढून शेवयांचं मशीन घेतलं. उन्हाळ्यात ते दिवसभर चालायचं, आसपासच्या वस्त्यांवरून बायका गहू घेऊन यायच्या. वर्षाअखेरीस हिशोब केला तर मशीन नफ्यात होतं, पण त्यावर राबलेल्या सहाही जणींच्या घरी एक पैसा शिल्लक नव्हता. मजुरी हातात पडायची आणि कर्जाच्या शुक्रवारच्या हप्त्याला निघून जायची.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या गटाला हेच सांगते की, गावाचा विकास करायचा असेल तर सुरुवात घराच्या वहीपासून करा. पैसा येतो किती, हे नंतर बघू. आधी तो कुठून गळतो ते शोधायचं. आम्ही ते कसं केलं, कुठे चुकलो, हे खाली लिहिते.

वही कशी लिहायची

दहा घरं पुरेत. पहिल्याच महिन्यात सगळं गाव घ्यायला जाऊ नका, वह्या अर्ध्यावर राहतात. घरं मात्र वेगवेगळी निवडा. एक भूमिहीन, एक मेंढरंवाल्याचं, एक बागायती, एक ऊसतोडीला जाणारं, एक एकट्या बाईचं. वहीवर नाव लिहू नका, फक्त आकडा टाका. कोणता आकडा कुणाचा, हे लिहिणारीलाच ठाऊक असावं. एकदा एकीच्या घरची उसनवारी पाणवठ्यावर बोलली गेली आणि त्या वस्तीवर पुढे दोन वर्षं कुणी आम्हाला खरं सांगितलं नाही.

"तुमचं उत्पन्न किती?" असं कधीच विचारू नका. खरं उत्तर येत नाही, कारण ते घरच्यांनाही माहीत नसतं. विचारायचं ते असं: परवा बाजारातून काय काय आणलं? दळण कुठे टाकलं? रिचार्ज कोणी आणि कितीचं मारलं? पोराला ताप आला तेव्हा गाडी कोणाची केली? तंबाखू आणि पेट्रोलचा खर्च घरातल्या पुरुषांना वेगळं बसवून विचारावा लागतो. त्यासाठी गटातल्या एखाद्या वडीलधाऱ्या आक्काला पुढे करा.

एक महिना रोज लिहायचं. प्रत्येक खर्चापुढे एक अक्षर टाकायचं. पैसा गावातच कुणाला मिळाला तर "गा", गावाबाहेर गेला तर "बा". बस्स, एवढंच. महिन्याच्या शेवटी "बा" ची बेरीज करा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. आमच्याकडे ती वाचली तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. वरच्या तीन जागी होतं व्याज, दवाखाना आणि जनावरांची पेंड. ज्यासाठी मशीन घेतलं त्या शेवया यादीत कुठे नव्हत्याच.

व्याज: सगळ्यात मोठं भोक

आमच्या भागात बाईला व्याज शिकवावं लागत नाही, फक्त कागदावर मांडून दाखवावं लागतं. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्याआधी परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण सभासद बायका निरक्षर होत्या. त्या बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशोब घाला, तोंडी करून दाखवतो. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या गटात सांगते, कारण "मला अडाणीला काय कळतंय" हे वाक्य पहिल्या बैठकीत येतंच.

तर फळ्यावर हे मांडा. महिना शेकडा 5 ने 10,000 रुपये घेतले आणि दहा महिने नुसतं व्याज भरलं, तर 5,000 गेले आणि मुद्दल तिथंच. तेच 10,000 गटातून महिना शेकडा 2 ने घेतले आणि दरमहा 1,000 मुद्दल फेडत गेलं, तर पहिल्या महिन्याचं व्याज 200, दुसऱ्याचं 180, असं उतरत उतरत दहा महिन्यांत एकूण 1,100 होतं. आणि ते 1,100 गटाच्याच पेटीत राहतात, म्हणजे वहीत "गा".

दुसरा हिशोब सरळ व्याजाच्या हप्त्याचा. टीव्ही, मोबाईल, गाडी घेताना "फक्त 12 टक्के" सांगतात. 12,000 चं कर्ज, वर्षाची मुदत, व्याज 1,440, हप्ता 1,120. ऐकायला ठीक वाटतं. पण मुद्दल तर दर महिन्याला 1,000 नी कमी होतंय. उरलेल्या रकमेवर महिना 1 टक्क्याने व्याज लावलं तर ते वर्षात 780 च होतं. म्हणजे घेतलेलं व्याज जवळजवळ दुप्पट आहे. खरा दर 21-22 टक्क्यांच्या घरात जातो. हे गणित पोरींना दहावीच्या आत यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आता घरात चालू असलेल्या कर्जांचं. सगळ्या पावत्या, कार्डं, हप्त्यांची पुस्तकं एका पिशवीत आणायला सांगा. लाजेपायी एक-दोन घरीच राहतात, तेव्हा दुसऱ्या बैठकीला पुन्हा विचारा. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे तारणाशिवाय लहान कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या, कर्जांना रिझर्व्ह बँकेचे 2022 पासूनचे नियम लागू आहेत आणि ते प्रत्येक बाईला पाठ हवेत. घराचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. कर्जाची माहिती तिला समजेल अशा भाषेत कागदावर द्यावी लागते. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लागत नाही. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करून त्रास देता येत नाही. आमच्या वस्तीवर दिवेलागणीला येऊन ओट्यावर बसणारा वसुलीवाला होता. पाच-सहा जणींनी मिळून त्याला हा नियम शांतपणे सांगितला, तेव्हापासून तो दिवसाच येतो.

महाग कर्ज काढून टाकायला गटाचं बँकेचं कर्ज कामी येतं. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, गटांना 3 लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी कर्ज मिळतं, ते वेळेवर फेडणाऱ्या गटाला. पण इथेच आम्ही फसलो, म्हणून थांबून सांगते. एका वहिनीला आम्ही 25,000 दिले, तिने कंपनीचं कर्ज मिटवलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या महिन्यात तिच्याकडे दुसऱ्या कंपनीचं कर्जाचं नवीन कार्ड होतं. आता गटाचाही हप्ता आणि कंपनीचाही. मी तिच्यावर रागावले, आणि ते चुकलंच माझं. कर्ज का लागतं हे मी विचारलंच नव्हतं. सासऱ्यांचं डायलिसिस चालू होतं, आठवड्याला दोनदा साताऱ्याची गाडी. गळती दवाखान्याची होती आणि आम्ही बुजवत होतो व्याजाची.

म्हणून कर्ज बदलून देण्याआधी प्रत्येकीला एकच विचारा: हे पहिल्यांदा कशासाठी काढलं होतं? उत्तर दवाखाना असेल तर पुढचा भाग आधी करा.

हक्काचे पैसे, जे आपण मागतच नाही

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात, यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या आजारांसाठी. अडचण अशी की लोक आधी ओळखीच्या दवाखान्यात पैसे भरतात आणि मग चौकशी करतात. क्रम उलटा करा. भरती होण्याआधी, किंवा तातडीचं असेल तर भरती होताच, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेसाठी तिथे बसणाऱ्या माणसाला, गाठा. रेशनकार्ड आणि आधार प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या मागे टांगून ठेवा. घाईत पेटी उघडायला वेळ नसतो.

मग पासबुकं. सगळ्यांची पासबुकं भरून आणा आणि जून महिन्याच्या आसपासच्या ओळी बघा. 20 रुपये कापले असतील तर तो सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला 2 लाखांचा. 436 कापले असतील तर जीवन ज्योती विमा, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी 2 लाख. वर्ष 1 जून ते 31 मे असं चालतं. त्यामुळे मेअखेरीस खात्यात तेवढी शिल्लक नसली की विमा गुपचूप बंद पडतो. आमच्या गटांत दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या बैठकीत प्रत्येकीने स्वतःच्या आणि नवऱ्याच्या खात्यात 500 शिल्लक असल्याचं दाखवायचं, असा ठरावच आहे.

हा ठराव कसा आला, तेही सांगते. शेजारच्या काकूंचे मालक गेले. दहाव्याला पाहुणे जमले तेव्हा सोनं गहाण टाकायचं चाललं होतं. मी सहज पासबुक मागितलं, तर त्यात 436 ची ओळ होती. घरात कुणालाच पत्ता नव्हता. बँकेत चार खेपा झाल्या, वारसाच्या नावातली चूक दुरुस्त करावी लागली, पण 2 लाख आले. त्या दिवसापासून मी दुखवट्याला जाते तेव्हा हळूच पासबुकाचं विचारते. काहींना ते बरं वाटत नाही. मी तरीही विचारते.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे अर्ज तलाठी दाखल्यापाशी अडतात. दहा जणींचे अर्ज एकत्र घेऊन एकाच दिवशी दहिवडीला तहसीलमध्ये जा. एकटी बाई गेली की परत पाठवतात, दहा जणींना बसायला तरी सांगतात.

खरेदी: एकच वस्तू धरा

आता उरली पेंड. बारा घरं, घरटी महिन्याला दोन पोती, म्हणजे 24 पोती. तालुक्याहून एकदम माल उचलला तर गाडीभाडं धरूनही पोत्यामागे 60 रुपये वाचत होते. महिन्याला 1,440. रक्कम लहान दिसते, पण ती न राबता मिळते.

पहिल्या वेळी आम्ही गावातल्या दुकानदाराला वगळून माल आणला. तो नाराज झाला आणि त्याने गटातल्या बायकांची किराण्याची उधारी बंद केली. त्याचंही बरोबर होतं. तोही गावचाच, त्याचं पोरही आपल्याच शाळेत. पुढच्या महिन्यात त्यालाच बैठकीला बोलावलं. गाडी त्याने आणायची, माल त्याच्याच गोदामात उतरायचा, आम्ही रोख द्यायचे आणि पोत्यामागे 15 रुपये त्याचे. उधारीत अडकणारा पैसा सुटला म्हणून तो खूश, आम्हाला 45 रुपये वाचले म्हणून आम्ही खूश. तुमच्याकडे असं दुकान असेल तर त्याला पहिल्याच दिवशी सोबत घ्या.

रोखीसाठी गटाच्या पेटीतून महिनाभराचं अंतर्गत कर्ज द्या. दोन महिन्यांहून जास्त थकलं तर त्या घराचा माल थांबवा, मग ती अध्यक्ष असो की माझी जाऊ. एवढं कडक राहावंच लागतं.

उद्योगाचा विचार यानंतर. "बा" च्या यादीत जी वस्तू दर महिन्याला दिसते तीच करायला घ्या. आमच्याकडे लोक तूर विकत होते आणि डाळ विकत आणत होते. क्विंटलभर तुरीची 70-75 किलो डाळ होते, आणि डाळ करताना उरलेली चुणी आपल्याच शेळ्यांना लागते. गिऱ्हाईक शोधायला कुठे जायचं नव्हतं, ते वहीतच लिहिलेलं होतं. खाण्याची वस्तू विकायची तर वर्षाला 100 रुपये भरून अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या, शाळेची किंवा वसतिगृहाची ऑर्डर त्याशिवाय मिळत नाही. पापड-लोणच्याला माझा विरोध नाही. पण तालुक्यातले सगळेच गट तेच करतात आणि प्रदर्शनात एकमेकींचंच लोणचं विकत घेऊन परत येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ग्रामसभेत काय मागायचं

नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते, तसा कायदा आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. सही मागायला शिपाई घरी आला तर सही करू नका, तारीख विचारा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, तो आकडा सभेत विचारा. मागणी तोंडी करू नका. "गटाच्या डाळ मिलसाठी जुन्या शाळेची खोली, वीज मीटरसह" असं एका ओळीत लिहा, त्याखाली सह्या घ्या, आणि ते इतिवृत्तात आलं की नाही हे पुढच्या सभेत वाचून घ्या. आमची खोली तिसऱ्या सभेला मिळाली.

वर्षाने काय मोजायचं

किती कर्ज वाटलं, किती गट झाले, हे आकडे अहवालाला लागतात, ते द्या. आमच्यासाठी मात्र आम्ही चारच गोष्टी मोजतो. किती घरांत महिनाभराचा खर्च निघेल एवढी शिल्लक आहे. किती घरांत दोनपेक्षा जास्त हप्ते चालू आहेत. "बा" ची बेरीज किती उतरली. आणि किती जणींचा गहाण पडलेला दागिना घरी आला. शेवटचं मी कधी विचारत नाही, बैठकीत गळ्याकडे बघून कळतं.

दुसऱ्या वर्षीची पाहणी त्याच घरांची आणि त्याच महिन्यात करा. जत्रेचा, पेरणीचा आणि शाळा सुरू होण्याचा महिना टाळा. आम्ही फेब्रुवारी धरलाय. तेव्हा ज्वारी काढणीला असते, आणि बांधावर भाकरी खायला बसलं की बायका मोकळेपणाने बोलतात.