सिनेमा अडखळतोय? आधी डीकोड कोण करतंय ते बघा

मी पिक्चर ट्यूबच्या जमान्यातला टीव्ही मेकॅनिक. पूर्वी लोक अँटेना फिरवायला बोलवायचे, आता टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर बघायला बोलवतात. जाऊन बघावं तर बहुतेक ठिकाणी घरातल्या पोराने आधीच नेटवरून कोडेक पॅक, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा, उतरवून ठेवलेला असतो. तो आधी काढा. व्हीएलसी, कोडी, एमपीव्ही, एमपीसी-एचसी या सगळ्या प्लेअरांचे डीकोडर, म्हणजे दाबून भरलेला व्हिडिओ उलगडणारे भाग, त्यांच्या पोटातच असतात. वरून पॅक ओतला की मूळचा फॉल्ट कुठला आणि आपण घातलेला कुठला, हे कळेनासं होतं.

दुरुस्तीची आमची जुनी रीत अजून चालते: फॉल्ट कुठल्या सेक्शनमध्ये आहे ते ठरवा, मगच पेचकस उचला. इथे सेक्शन चार. फाइल डिस्कवरून किंवा नेटवर्कवरून येते, ती डीकोड होते, चित्र पडद्याच्या रिफ्रेश रेटशी (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याच्याशी) जुळवलं जातं आणि शेवटी टीव्ही.

सुरुवात डीकोडिंगपासून करा, कारण ते सगळ्यात लवकर तपासून होतं. सिनेमा छोट्या खिडकीत चालू ठेवा आणि विंडोजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) गेलं की ‘व्हिडिओ डीकोड’ नावाचा आलेख दिसतो; काही एएमडी कार्डांवर त्याला ‘व्हिडिओ कोडेक’ म्हणतात. तो हलत असेल तर काम ग्राफिक्स चिप करतेय. तो शून्यावर आडवा आणि सीपीयू शंभरावर असेल तर सगळा भार सीपीयू ओढतोय. अशा वेळी आवाज नीट चालतो, चित्र मात्र मागे पडत जातं.

माझ्याकडे ऑफिसातून निघालेला, इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह आहे. १०८०पीची एच.२६४ (व्हिडिओ दाबून भरायची जुनी पद्धत) फाइल लावली तर पंख्याचा आवाजसुद्धा येत नाही. त्यालाच ४केची १०-बिट (रंगांच्या जास्त छटांची) एचईव्हीसी, म्हणजे त्याहून नव्या पद्धतीची, फाइल दिली की चारही कोअर घामाघूम. यात सेटिंगचा दोष नाही, त्या चिपमध्ये ते सर्किटच नाही. इंटेलमध्ये ८-बिट एचईव्हीसी पूर्णपणे हार्डवेअरवर आलं सहाव्या पिढीत, म्हणजे २०१५ला. १०-बिट आलं सातव्या पिढीत आणि एव्ही१ ही आणखी नवी पद्धत अकराव्या पिढीत. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेपासून एव्ही१ आहे. एक फसवी जात आहे १०-बिट एच.२६४ची, जपानी ॲनिमेवाल्यांची लाडकी. ती नेहमीच्या घरगुती चिपांवर हार्डवेअरने चालत नाही, पण १०८०पी असेल तर बरा सीपीयू ती सहज ओढतो. तिथे आलेख आडवा दिसला म्हणून घाबरू नका.

चिपची ऐपत आहे आणि तरी आलेख आडवा? डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॉप्टर बघा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ लिहिलेलं असेल तर खरा ड्रायव्हरच बसलेला नाही. ड्रायव्हर ठीक असेल तर प्लेअर. एमपीव्हीत कंट्रोल-एच दाबलं की हार्डवेअर डीकोडिंग चालू-बंद होतं. एमपीसीत फिल्टर्समधून लाव्ह व्हिडिओ डीकोडर उघडा; ॲक्टिव्ह डीकोडरपुढे ‘एव्हीकोडेक’ असेल तर काम सीपीयूवर चाललंय.

हिरवा पडदा किंवा चौकोनी ठोकळे येत असतील तर उलटं करा, हार्डवेअर डीकोडिंग बंद करून बघा. ठोकळे गेले तर संशय ड्रायव्हरवर. त्याच मिनिटाला, त्याच जागी परत आले तर फाइलच खराब आहे, मशीनला शिव्या देऊ नका.

डीकोडर साफ सुटला, एकही फ्रेम गळत नाही, तरी कॅमेरा आडवा सरकताना चित्र उचक्या देतं? सिनेमा सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा आणि टीव्ही ६० हर्ट्झवर, त्यामुळे एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दिसते. शेवटची श्रेयनामावली वर सरकताना हे स्वच्छ दिसतं. कोडीत सेटिंग्ज, प्लेअर, व्हिडिओ इथे ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ आहे, ते ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ करा. दिसत नसेल तर खालचं गिअर दाबून सेटिंगची पातळी वाढवा. सिनेमा सुरू होताना पडदा क्षणभर काळा होईल, होऊ द्या.

आता ज्यासाठी मला सगळ्यात जास्त बोलावणी येतात ते: लग्नाची डीव्हीडी. अंतरपाट दूर होतो, हार घालायला हात पुढे येतात आणि त्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते फुटतात. हे इंटरलेसिंग. आपल्याकडची पाल चित्रं ५७६ ओळींची, सेकंदाला २५ फ्रेमची, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या फील्डांची आणि दोन्ही फील्ड वेगवेगळ्या क्षणांची. पिक्चर ट्यूब ती तशीच एकाआड एक दाखवायची म्हणून तेव्हा कोणाला कळलं नाही. व्हीएलसीत व्हिडिओ मेन्यूत डीइंटरलेस चालू करून ‘याडिफ २एक्स’ निवडा, एमपीव्हीत नुसतं डी दाबा. आणि त्या डीव्हीडीची एमपी४ करून घेणार असाल तर डीइंटरलेस करूनच करा. नाहीतर ते दाते नव्या फाइलमध्ये कायमचे भाजले जातात आणि पुढे काढायला फार त्रास पडतो. डीव्हीडीवरच्या मूळ व्हीओबी फाइली फेकू तर मुळीच नका.

नेटवर्कचं दुखणं ओळखायला सोपं. फाइल आतल्या डिस्कवर उतरवून लावा. सुरळीत चालली तर दोष वाटेत आहे. ४के ब्ल्यू-रेचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, १०० मेगाबिटच्या वर जाऊ शकतो आणि जुन्या राउटरचं पोर्ट १०० मेगाबिटचं असतं, म्हणून हाणामारीच्या सीनलाच गाडी थांबते. आवाजच येत नसेल तर ऑडिओ पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच टीव्हीकडे पाठवणं) बंद करा, बऱ्याच टीव्हींना डीटीएस ही आवाजाची पद्धत कळत नाही.

एवढं करून चिपच कमी पडते असं ठरलं तर नवा मिनी पीसी घ्या. इंटेलच्या एन१०० चिपवाले छोटे डबेसुद्धा १०-बिट एचईव्हीसी आणि एव्ही१ चालवतात. दुकानात जाताना तुमची अडखळणारी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जा, तिथेच लावायला सांगा आणि टास्क मॅनेजर उघडून आलेख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.