थंडीत पोटरीत येणारे गोळे कसे थांबले

गोव्यातल्या साखळी गावात जानेवारीच्या पहाटे वाळवंटी नावाच्या नदीवर धुकं असतं. मी सायकल वाळपईच्या रस्त्याला काढायचो, तासाभरात परत यायचो आणि लगेच धावायला लागलो की पोटरीत गोळा यायचा. ऑलिम्पिक अंतराची ट्रायथलॉन करायची होती: १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धावणं. दोन आठवडे असेच गेले.

आधी वाटलं, मीठ कमी पडतंय. खरं कारण वारा निघालं. उभं असताना हवा नुसती गार वाटते, पण ताशी २५ किलोमीटरच्या वेगात तीच हवा अंगातली ऊब ओढून नेते आणि गुडघे-पोटऱ्या आखडतात. शिवाय थंडीत तहान लागत नाही म्हणून बाटली भरलेलीच घरी यायची.

मग पायांना लांब मोजे, गुडघ्यांवर लोकरी पट्टे, जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र (उतारावर हे फार कामाचं). दर १५ मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान असो-नसो. पहिली १० मिनिटं हलका गिअर. घरी आल्यावर आईच्या हातची गरम पेज, आणि धावणं त्यानंतर दीड तासाने.

रविवारी पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर पोहायला जातो. समुद्राचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार लागतं, पोटरी तिथे कधीच आखडली नाही. मात्र सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून किनाऱ्याला समांतरच पोहतो, सोबत कोणीतरी असतानाच. बाहेर आल्याबरोबर ओले कपडे बदलतो.

तीन आठवडे झाले, गोळा आलेला नाही.