चक्रांचं सेल्फ पोर्ट्रेट करताय? मग माझे घोळ आधी वाचा

आधी एक सांगून टाकते, गूगलवर चक्र (योगात अंगातली शक्तीची केंद्रं मानतात ती) टाकलं की पद्मासनात बसलेला एक निळसर माणूस येतो आणि त्याच्या पोटापासून डोक्यापर्यंत इंद्रधनुष्याचे सात ठिपके, ते चित्र ट्रेस करून त्यावर आपला चेहरा चिकटवायचा आणि सेल्फ पोर्ट्रेट म्हणून सबमिट करायचं, हे मी स्वतः केलेलं आहे. एटीडीच्या, म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला. सरांनी शीट हातात घेतली, उलटी केली, मागचा कोरा भाग बघितला आणि म्हणाले, "अगं यातली तू कुठंय?" बस. मार्क पण दिले नाहीत न रागावले पण नाहीत.

आता आमच्या इकडच्या मुलींचे मेसेज येतात की ताई पोर्टफोलिओला असलं काहीतरी करायचंय, कसं करू, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

दुसऱ्या वेळी मी गावी, अमळनेरजवळ, घरी केलं. एप्रिल महिना, जळगाव जिल्ह्यातला एप्रिल म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको, पंखा पण गरम हवाच फेकतो. ब्राउन पेपरचा रोल आणला, दोन पट्टे मागून चिकटपट्टीनं जोडले, फरशीवर अंथरले आणि त्यावर मी उताणी झोपले. लहान भाऊ खडू घेऊन माझ्या कडेकडेनं आउटलाइन काढत होता, बरगड्यांपाशी आला की मला गुदगुल्या आणि तो ओरडतोय ताई हलू नको ना. आई भाकरी थापता थापता दारात आली, हात पिठाचे, म्हणे "हाई काय शे वं माय?" (अहिराणीत, हे काय आहे गं बाई?) उठले तर कागदावर पाठीच्या घामाचा डाग, मधोमध, कमरेपासून मानेपर्यंत लांबट. वाळल्यावर तिथं कागद सुरकुतला. मी पुसायला गेले आणि थांबले, कारण मला जी सुषुम्ना, म्हणजे योगात पाठीच्या कण्यातून वर जाणारी मधली नाडी, काढायची होती ती आधीच उमटलेली होती. तो डाग तसाच ठेवला, त्यावर रंग लावलाच नाही. अख्ख्या चित्रात मला आजही तेवढाच भाग आवडतो, खरं सांगायचं तर.

ही अंगाची आउटलाइन काढून त्यात आतलं भरायची पद्धत आता बॉडी मॅपिंग म्हणून चालते. 2002 च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनकडे एचआयव्ही झालेल्या बायकांनी अशाच स्वतःच्या मापाच्या आकृत्या काढून त्यात आजार, औषधं, भीती, हिंमत सगळं रंगवलं, तिथून ती गाजली. चक्रांशी त्याचा संबंध नाही, पण आपल्या मापाचं अंग समोर पडलेलं असलं की खोटं काढायला जीव धजत नाही, एवढं मात्र मी अनुभवलंय.

मग काढायला लागले तेव्हा पुस्तकातलं काहीच आधी टाकलं नाही. आठ दिवस सकाळ संध्याकाळ नुसतं बसायचं आणि कुठं काय जाणवतं तिथं पेन्सिलनं खूण. गळ्यापाशी खूप खुणा झाल्या (मी व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बोलू शकत नाही, त्यामुळे असेल), छातीत जवळजवळ काही नाही, आणि तळहातात भरपूर. आता सहा चक्रांच्या यादीत तळहात कुठं आहेत? नाहीत. पण मी काढले. भाकरी थापणाऱ्या बाईच्या पोरीच्या नकाशात हात नसतील तर तो नकाशा कोणाचा?

अजून एक, आमच्याकडे श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते. माझ्या एका मावशीच्या अंगात येतं. लहानपणी मी भीत भीत बघायचे, तिचं थरथरणं कमरेतून सुरू व्हायचं आणि पाठीतून वर मानेपर्यंत जायचं, मग केस सुटायचे. कुंडलिनीचं, म्हणजे कण्याच्या बुडाशी निजलेली आणि जागी झाली की वर चढणारी शक्ती, तिचं वर्णन वाचलं तेव्हा मला ती मावशीच दिसली. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजलंय असं म्हटलंय, ते वाचा, इंग्रजी चार्टपेक्षा शंभरपट चित्र दिसतं. मी वेटोळं कानबाईच्या कुंकवानंच काढलं, आईला विचारून, न विचारता नको.

आता पुस्तकी भाग, जो चुकला तर परीक्षक धरतात. पाकळ्या (प्रत्येक चक्र कमळासारखं काढतात, खालून वर): मूलाधार 4, स्वाधिष्ठान 6, मणिपूर 10, अनाहत 12, विशुद्ध 16, आज्ञा 2. बेरीज 50, म्हणजे संस्कृत वर्णमालेची अक्षरं, एकेका पाकळीवर एक. मी मणिपूरला 8 काढल्या होत्या कारण कंपासनं आठ सोप्या पडतात, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमक्या त्याच मोजल्या. दहाला कोनमापक घ्या, 36 अंश. सहा आणि बारा कंपासनं होतात, सोळाला अर्ध्याचे अर्धे करत जायचं. सहस्राराच्या (डोक्यावरचं सातवं, ते सहात धरत नाहीत) हजार मोजत बसू नका, 50 चे 20 फेरे धरा, तेही जमेल तेवढेच.

आणि रंग. ते तांबडा-नारिंगी-पिवळा असं ओळीनं जाणारं इंद्रधनुष्य आपल्या जुन्या ग्रंथातलं नाहीच, ते विसाव्या शतकात पश्चिमेकडे जुळवलं गेलं. पूर्णानंदांचा षट्चक्रनिरूपण हा संस्कृत ग्रंथ 1577 चा, आज जे चार्ट फिरतात त्यांचा सांगाडा त्यातलाच, 1919 मध्ये जॉन वुड्रॉफनं त्याचं इंग्रजी केलं. पण त्यात मणिपूरच्या पाकळ्या पिवळ्या नाहीत, पाण्यानं भरलेल्या ढगासारख्या काळसर, आत लाल त्रिकोण अग्नीचा. अनाहत हिरवं नाही, शेंदरी लाल पाकळ्या आणि मध्ये धुरकट षट्कोन वायूचा. आज्ञा चंद्रासारखं पांढरं. मूलाधारात पिवळा चौकोन पृथ्वीचा, त्याला मी आमच्या घरची हळद वापरली. हळद उन्हानं उडते, हे नंतर कळलं. जोधपूरच्या मेहरानगडात बुलाकी नावाच्या चित्रकाराचं 1824 चं चित्र आहे, अख्ख्या योग्याच्या अंगावर चक्रं, त्याचा फोटो नीट बघा, एवढ्या शांतपणे काढलंय की आपले चार्ट त्यापुढं लग्नाच्या मंडपासारखे वाटतात.

सगळ्यात मोठा घोळ आरशाचा. माझ्या डाव्या गालावर तीळ आहे. चेहरा मी आरशात बघून वेगळ्या कागदावर काढला, तीळ आला कागदाच्या डावीकडे. पण ब्राउन पेपरवर मी उताणी झोपले होते, म्हणजे बघणाऱ्याला माझा डावा हात उजवीकडे. सुषुम्नेच्या दोन बाजूंच्या नाड्या, इडा डावी, चंद्राची, पिंगळा उजवी, सूर्याची, त्या मी हाताप्रमाणे बरोबर काढल्या आणि वर चेहरा चिकटवला तर तीळ पिंगळेच्या बाजूला! दोन दिवस मला काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं. शेवटी आई म्हणाली, "तुन्हा तीळ इकडे कसा?" ट्रेसिंग पेपरवर घेऊन उलटा केला तेव्हा जमलं. मोबाईलच्या सेल्फीवर पण भरवसा नको, काही फोन उलटं करतात काही नाही, मागच्या कॅमेऱ्यानं कोणाला तरी काढायला लावा.

तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे, मुक्ताईनगरजवळ. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला आणि मुक्ताई हसली ती गोष्ट इकडे सगळ्यांना पाठ असते. उत्तरात आलेल्या पासष्ट ओव्यांमध्ये आरशाचा दृष्टांत आहे, आरसा नसला तरी तोंड तोंडाच्या जागी असतंच, अशा अर्थाचा. मी व्हायवात हेच सांगितलं, गळा भरून आला पण सांगितलं. परीक्षक म्हणाले ठीक आहे, पण पाकळ्या मोजा.

कामाचं विचाराल तर या चित्रानं मला एका योगा क्लासची भिंत मिळाली. त्यांना इंद्रधनुष्यच हवं होतं. काढून दिलं. तिथं 1577 सांगत बसले नाही, अर्धे पैसे आधी घेतले, बाकीच्या अर्ध्यासाठी चार चकरा झाल्या, म्हणून तुम्ही पाऊण आधी मागा.

आणि फोटो त्याच दिवशी काढा. ब्राउन पेपर लवकर कडक होतो, घडीवर तुटतो. मी गुंडाळून धान्याच्या कोठीमागं ठेवलं आणि पावसाळ्यानंतर उघडलं तर डाव्या पायाचा अंगठा उंदरानं खाल्लेला.