क्वेन्या भाषेतील क्रियापद कसे घडवावे

क्वेन्या ही एल्फ या काल्पनिक लोकांची भाषा इंग्रज कादंबरीकार जे. आर. आर. टॉल्कीन यांनी १९१५ च्या सुमारास रचायला घेतली आणि १९७३ साली मृत्यू येईपर्यंत तिच्यात ते फेरफार करत राहिले. तिच्यावर फिनिश भाषेची छाप आहे, आणि फिनिशप्रमाणेच तीही धातूला प्रत्ययामागून प्रत्यय जोडत जाते. त्यामुळे रूपे पाठ करत बसण्यापेक्षा प्रत्ययांचा क्रम आत्मसात करावा: आधी धातू, मग काळ, मग कर्ता, शेवटी कर्म. हा क्रम कधीही मोडत नाही.

प्रथम धातू कोणत्या गटातला आहे ते पाहावे. तिर् (पाहणे), तुल् (येणे), मत् (खाणे) हे व्यंजनान्त धातू आहेत. लन्त (पडणे) आणि लाइत (स्तुती करणे) हे अकारान्त असून त्यांतील शेवटचा अ स्पष्ट उच्चारायचा असतो.

त्यानंतर काळ ठरवावा. पुढील उदाहरणांत ‘मी’ या अर्थाचा -न् प्रत्यय जोडलेला आहे. साध्या वर्तमानकाळात व्यंजनान्त धातूला इ लागून तिरिन् होते. पुढे प्रत्यय नसेल तर तेच रूप तिरे असे राहते. क्रिया चालू असल्यास धातूतील स्वर दीर्घ करून अ जोडावा, म्हणजे तीरन्, ‘मी पाहत आहे’. भविष्यकाळ सर्वांत सोपा: -उव जोडावे आणि अकारान्त धातूचा अ गाळावा, म्हणजे तिरुवन्, लन्तुवन्. भूतकाळात -ने लागतो (तिर्नेन्, लन्तनेन्), मात्र ल् नंतर त्यातील न् चाही ल् होतो आणि तुल्लेन् मिळते, तर मत् मध्ये न् धातूच्या आत शिरून मन्तेन् होते. पूर्ण वर्तमानकाळाची घडण मला या भाषेतली सर्वांत देखणी वाटते: धातूचा स्वर आरंभी पुन्हा ठेवायचा, आतला दीर्घ करायचा आणि -इए जोडायचा. तुल् पासून उतूलिएन्, ‘मी आलो आहे’. स्वरापुढे जोडाक्षर असेल तर तो दीर्घ होत नाही, म्हणून लन्त पासून अलन्तिएन्.

आता कर्ता. -न् म्हणजे मी, -स् म्हणजे तो, ती किंवा ते, -न्ते म्हणजे ते अनेक जण. टॉल्कीन यांच्या उत्तरकाळातील व्याकरणात -ल्मे म्हणजे आम्ही आणि -ल्वे म्हणजे आपण. इंग्रजी वाचकाला समजावून सांगावा लागणारा हा भेद मराठी माणसाला जन्मापासून ठाऊक असतो. उलट दोन मराठी सवयी येथे कटाक्षाने सोडाव्यात. क्वेन्यात क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. आणि ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली’ यांत जसे क्रियापद कर्माच्या मागे जाते तसे तेथे होत नाही, कोणताही पदार्थ खाल्ला तरी रूप मन्तेन् हेच. कर्ता स्वतंत्र अनेकवचनी नाम असेल तर क्रियापदाला केवळ -र् लावावा, उदाहरणार्थ तुलिर्, ‘येतात’.

कर्म सर्वनाम असेल तर तेही जोडता येते, पण त्याआधी -न् चे पूर्ण रूप -न्ये घ्यावे लागते. -स् कर्त्याचा की कर्माचा, हे स्थानावरून कळते: तिरुवस् म्हणजे ‘तो पाहील’, तिरुवन्येस् म्हणजे ‘मी त्याला पाहीन’.

सर्वनामांच्या प्रत्ययांचे अर्थ टॉल्कीन यांनी वेळोवेळी बदलले असल्यामुळे निरनिराळ्या संदर्भांतील तक्ते एकत्र करू नयेत. कोणताही एक टप्पा निवडून त्यालाच धरून राहावे.

घडवलेले रूप तपासण्यासाठी ते शेवटाकडून उलगडावे. त्यांच्याच कादंबरीतील उतूविएन्येस् घ्या: -स् ‘ते’, -न्ये ‘मी’, -इए पूर्ण वर्तमानकाळ, उरला उतूव्, म्हणजे ‘सापडणे’ या अर्थाचा धातू तुव्. अर्थ झाला, ‘मला ते सापडले आहे’. याच रीतीने लाइतुवल्मेत् उलगडले की -त् ‘त्यांना’, -ल्मे ‘आम्ही’, -उव भविष्यकाळ आणि मागे लाइत हा धातू हाती येतो: ‘आम्ही त्यांची स्तुती करू’.