दरवर्षी तोच प्रश्न

मुलांची व्यसनं, सवयी आणि मतं यांची पाहणी आम्ही शाळांत दरवर्षी करतो. नववीच्या वर्गात तिचे फॉर्म वाटायच्या आधी सरांना हात जोडून चहाला पाठवा. सर दारात उभे असले की गुटख्यापुढे एकही खूण पडत नाही. फॉर्मवर नाव नको, हजेरी क्रमांकही नको. पालकांची संमती असली तरी मुलांना वेगळं विचारा. ज्याला भरायचा नाही त्याला कोराच फॉर्म पेटीत टाकू द्या, म्हणजे तो चारचौघांत उठून दिसत नाही.

मग पुढच्या वर्षी तेच मूल ओळखायचं कसं? खूणनंबर त्यांनाच बनवू द्या: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेतला दिवस, मोठी भावंडं किती. मी एकदा मोबाइलचे शेवटचे दोन आकडे घेतले. पोरांनी सिमकार्डं बदलली आणि गठ्ठाभर फॉर्म जुळेचनात.

प्रश्नाच्या शब्दांना मात्र हात लावू नका. कुर्ल्यात एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, मशेरीपण लिहायची? ती तर आई रोज लावते." तिच्या लेखी तो तंबाखू नव्हताच. पुढच्या वर्षी मी प्रश्नात मशेरी आणि मावा घातला, आकडा टुणकन वर गेला. वर्षभरात पोरं बिघडली नव्हती, प्रश्न बदलला होता. सुधारणा करायचीच तर एक वर्ष अर्ध्यांना जुना प्रश्न द्या, अर्ध्यांना नवा.

'गेल्या 30 दिवसांत' विचारताना पंचांग बघा. आम्ही जुलैचा दुसरा आठवडा धरतो, गटारीच्या आधीचा.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ 1975 पासून बारावीच्या मुलांना दरवर्षी नशेबद्दल विचारतं. आठवी-दहावी 1991 मध्ये आली. गांजात धोका किती वाटतो, हेही ते विचारतात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे आधी ती भीती ओसरली, वापर मागून वाढला. म्हणून नुसतं 'घेतोस का' पुरत नाही. मित्रानं घेतलं तर काय वाटेल, लग्न कुणाच्या पसंतीनं, रिकामा वेळ कुठे जातो, तेही हवं.

नशेच्या पदार्थांच्या यादीत एका गोळीचं खोटंच नाव घाला. तिच्यापुढे खूण करणारा बहुधा फुशारकी मारतोय. आमचं नाव सांगत नाही, उद्या चाळीत तेच फिरेल.

गैरहजर मुलांसाठी दुसरी फेरी माराच, नेमकी तीच हवी असतात. रात्रशाळाही सोडू नका. तिथे पोरं कामावरून थेट येतात, पहिल्या तासाला बाकं रिकामी. दुसरा तास मागून घ्या.